दुसऱ्या अंकातला दिवा

गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, आमच्या नाटकाचा दुसरा अंक चालू असताना, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या फोनवर परभणीहून एक फोटो आला. तो त्यांच्या मुलीने पाठवला होता. फोटोत आमच्या रंगमंचावरचा एक दिवा होता. खाली एकही शब्द नव्हता.

नाटक बहरीनमध्ये चालू होतं. दिवा त्या गृहस्थांचा स्वतःचा होता. मुलगी तो परभणीत बसून पाहू शकली, कारण नाटक इंटरनेटवरून थेट दाखवलं जात होतं. ते तसं दाखवलं जाणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला होता.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बारा वर्षं उपसंपादक होतो. गेली नऊ वर्षं बहरीनमध्ये एका बँकेची प्रसिद्धिपत्रकं लिहितो. इथली मराठी मंडळी दर हिवाळ्यात एक नाटक करतात. त्या वर्षी नाटक निवडणं, मराठीत आणणं आणि बसवणं ही तिन्ही कामं माझ्याकडे होती.

मी निवडलेलं नाटक अमेरिकी होतं. त्याची झेरॉक्स माझ्याकडे वर्तमानपत्रात असल्यापासून होती. गोष्ट साधी आहे. एक माणूस घरापासून हजार मैलांवर पाइपलाइन टाकायच्या कामावर आहे. दर रविवारी तो पेट्रोल पंपाशेजारच्या फोन बूथमधून घरी फोन करतो आणि आपण फोरमन झालो आहोत असं सांगतो. तो फोरमन झालेला नाही. रंगमंचाच्या डाव्या बाजूला त्याच्या घरचं स्वयंपाकघर आहे, उजव्या बाजूला बूथ आहे, आणि मधे काहीही नाही.

अमेरिकी नाटकांत मला हे पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. स्वयंपाकघर अगदी खरं असतं. शेगडी पेटते, नळाला पाणी येतं, कांदा परतला की वास पाचव्या रांगेपर्यंत जातो. भिंती मात्र नसतात. असल्या तर नुसत्या चौकटी असतात, आणि प्रकाश बदलला की माणूस त्यांतून आरपार चालत दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या वर्षात पोचतो. त्या नाटकांत माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरते. काम गेलं की तो घरच्यांशी खोटं बोलू लागतो, आणि भिंत नसल्यामुळे ते खोटं प्रेक्षकांना उघडं दिसत राहतं. तालमीच्या पहिल्या दिवशी मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. वीस मिनिटं बोललो. फरशीवर बसून वायरी सोडवणारे एक गृहस्थ मान वर करून ऐकत होते.

तेच आमचे लाइटवाले. वय बावन्न, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. गाव परभणी जिल्ह्यात. सलमाबादच्या औद्योगिक भागात एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन होते आणि तिथल्याच कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचे. गटातले सगळे त्यांना काका म्हणायचे. ते आल्यावर ‘जय भीम सर’ म्हणायचे. मी ‘नमस्कार’ म्हणायचो. तीन वर्षं हे असंच चालू होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तालमी हमद टाउनमध्ये, नायकाचं काम करणाऱ्या इंजिनिअरच्या घरी व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात बूथवर गाडी अडली.

“बूथ काढा हो,” इंजिनिअर म्हणाले. “काल मुलाला चित्र दाखवलं. तो विचारतो, बाबा, इज धिस अ शॉवर?”

“आणि तुम्ही आत कपडे घालून उभे,” पत्नीचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या एका कंपनीत अकाउंटंट आहेत. “लोक पाणी कधी येतंय याचीच वाट बघतील.”

“हसा तुम्ही. दीड पानाचं भाषण मला आहे त्या शॉवरमध्ये.”

“बूथ नसला तर माझा एक लाइट वाचतो सर,” काका खालून म्हणाले. सगळे हसले. बूथच्या जागी काय आणायचं हे मात्र कोणाला सुचलं नाही.

परतताना मी काकांना सलमाबादला सोडायचो. कॅम्पच्या फाटकापाशी गाडी थांबायची आणि ते उतरायचे. मी कधी आत गेलो नाही. तोवर त्यांनी बोलावलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी वाटेत ते म्हणाले, “सर, बूथचं टेन्शन घेऊ नका. आमच्या रूमवर या एकदा. बूथच आहे तिथं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आधीच्या कंपनीत ते चौदा महिने सुपरवायझर होते. राहायला स्वतंत्र खोली होती. मग कंपनीचं काम संपलं. दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली ती साध्या इलेक्ट्रिशियनची, आणि राहायला सहा जणांची खोली. सुपरवायझर झाल्याचं त्यांनी घरी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

“पोरीची बारावी होती तवा,” ते म्हणाले. “म्हणलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. मग ॲडमिशन आली. मग राहूनच गेलं. कॉलेजच्या फॉर्मवर तिनं लिहिलं, वडील सुपरवायझर. आता ते काय खोडायला लावायचं?”

त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी, ते सांगत होते, चार फूट भिंत होती. तेवढ्या भिंतीला त्यांनी स्वच्छ पांढरा रंग दिला होता. खिडकी नव्हती, तरी तिथे पिवळा पडदा लावला होता. वर बाबासाहेबांची तसबीर. शेजारच्या फळीवर दिवा. दूध पावडरच्या मोठ्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून तो त्यांनीच केला होता. भोकं पिंपळाच्या पानांच्या आकारात होती. दिवा लावला की भिंतीवर पानं उमटायची. व्हिडिओ कॉलवर एवढंच दिसायचं आणि ते एका चांगल्या खोलीसारखं दिसायचं.

“वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी,” काका हसत म्हणाले. “रूमवाली पोरं पण तयार झालीत आता. मी शर्ट घातला की म्हणतात, यल्ला चाचा, चलो, शूटिंग! आणि टीव्हीचा आवाज बंद करतात. पोरीला तर दिवा लई आवडतो. कॉल लागला की म्हणती, पप्पा, आधी दिवा दाखवा, मग तुम्ही.”

मी पण हसलो. त्यांना फाटकाशी सोडलं आणि पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन हे सगळं फोनमध्ये टिपून ठेवलं. पडद्याचा रंगही लिहून घेतला.

पुढच्या शुक्रवारपर्यंत दुसरा अंक नव्याने लिहून झाला. बूथ गेला. त्याजागी कामगारांची खोली आली, तिच्यात चार फुटांचा एक कोपरा आला. माणूस प्रेक्षकांसमोरच पडदा टांगतो, लुंगीवर इस्त्रीचा शर्ट चढवतो, दिवा लावतो आणि मग घरी फोन करतो. अमेरिकी नाटकातलं सगळं त्यात नीट बसलं. जागा बहरीनची झाली, भाषा आमची झाली. मी हे लिहिण्याआधी काकांना विचारलं नाही.

संहिता पहिल्यांदा वाचली गेली तेव्हा ते स्टुलावर उभे राहून पडद्याच्या दांडीला तालमीचा एक लाइट बांधत होते. शर्टाची जागा आली तेव्हा बाई हसल्या आणि इंजिनिअर म्हणाले, “हे भारी आहे. कुठून सुचतं तुम्हाला?” मी पान उलटलं. काकांचे हात थांबले होते. वाचन संपल्यावर ते खाली उतरले.

“लई बरोबर घेतलंय सर,” ते म्हणाले.

“राग नाही ना आला?”

“राग कशाचा? नाव कुठंय माझं त्यात.”

“मग दिवा आणता का तुमचा? तसा दुसरा मिळायचा नाही.”

“आणतो की.” त्यांनी वायरीचं बंडल हातात घेतलं. “फक्त एक करा सर. हे लाइव्ह नका करू. पोरगी बघती. मीच सांगत असतो तिला दरवर्षी, लाइट बघ माझे.”

“नाही करणार,” मी म्हणालो.

हे बोलणं झालं तेव्हा जवळ तिसरं कोणी नव्हतं.

दरवर्षी आम्ही नाटक थेट दाखवतो. इथल्या बहुतेकांचे आईवडील तिकडे आहेत आणि त्यांना येणं जमत नाही. आपल्या मुलाला, सुनेला रंगमंचावर पाहायला ते भारतात नऊ वाजता जेवणं उरकून फोनसमोर बसतात. प्रयोगाच्या आधीच्या मंगळवारी कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्षांनी विषय वाचला: थेट प्रक्षेपण, नेहमीप्रमाणे. ते क्षणभर थांबले, कोणाला काही म्हणायचं असेल तर. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मी काही म्हटलं नाही.

का म्हटलं नाही, हे मला माहीत आहे. पुण्यात माझी ब्याऐंशी वर्षांची आई वाट पाहत होती. शिवाय मी जुन्या दैनिकातल्या अकरा सहकाऱ्यांना आधीच निरोप पाठवला होता की अमेरिकी नाटक मराठीत कसं आणायचं ते शुक्रवारी बघा. काकांना प्रयोगाआधी सांगू, असं मी ठरवलं. बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी रंगीत तालमीत सांगितलं नाही. शुक्रवारी खुर्च्या लावायच्या होत्या.

आणखी एक गोष्ट. प्रयोगाच्या पत्रिकेवर ‘प्रकाशयोजना’ या शब्दापुढे, उजेड कमीजास्त करणारा डिमर भाड्याने मिळवून देणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याचं पूर्ण नाव होतं. काकांचं नाव ‘विशेष आभार’ या यादीत होतं, आडनावाशिवाय. पत्रिका मी लिहिली होती.

प्रयोग साडेसहाला सुरू झाला. हॉल भरला होता. लाइटचं टेबल शेवटच्या रांगेच्या मागे होतं. काका डिमरवर होते आणि मी शेजारी संहिता घेऊन क्यू, म्हणजे उजेड बदलायच्या जागा, सांगत होतो. आमच्या पुढे सात-आठ फुटांवर एक सभासद स्टँडवर फोन लावून चित्रण करत होता. काकांना वाटलं असावं की ते नुसतं रेकॉर्डिंग आहे. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या अंकात इंजिनिअरनी लुंगीवर शर्ट चढवला तेव्हा हॉल मोठ्याने हसला. प्रेक्षकांत असे बरेच जण होते ज्यांना हे करून माहीत होतं. बाविसाव्या क्यूला काकांनी इतर दिवे हळूहळू खाली आणले आणि डब्याचा दिवा वर आला. पानं भिंतीवर पडली. हसणं थांबलं. चित्रण करणाऱ्या सभासदाने फोन स्टँडवरून काढला, तो तीन पावलं पुढे गेला आणि त्याने दिव्याचं चित्र मोठं केलं. नंतर त्याने मला सांगितलं, इतकं सुंदर दिसत होतं की राहवलं नाही.

एक मिनिटही झालं नसेल. काकांचा फोन डिमरशेजारी ठेवला होता, तो उजळला. त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी फोन पालथा घातला.

“सर, लाइव्ह आहे का?”

“हो,” मी म्हणालो.

रंगमंचावर इंजिनिअर फोनवर सांगत होते की खोलीचा एसी इतका थंड आहे की चादर घ्यावी लागते. लोक पुन्हा हसले.

“तेविसावा सांगा,” काका म्हणाले.

मी तेविसावा सांगितला. नाटकात एकूण एकेचाळीस क्यू होते. एकही चुकला नाही.

शेवटी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं गेलं. काका आले नाहीत. ते वायरी गुंडाळत होते. माझ्या गाडीतूनही ते आले नाहीत, सेटच्या टेम्पोत पुढे बसून गेले. दिवा सेटच्या किरकोळ सामानाबरोबर माझ्या डिकीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी अध्यक्षांना फोन करून चित्रण काढून टाकायला सांगितलं. कारण म्हणून मूळ नाटकाच्या हक्कांचा प्रश्न पुढे केला. त्यांनी ते अर्ध्या तासात काढलं. दुपारी आईचा फोन आला.

“अरे, ते दिसत नाहीये आता. शेजारच्या वहिनींना दाखवणार होते.”

“काढलं, आई. काही तांत्रिक अडचण होती.”

“अगंबाई. तो दिवा काय गोड होता रे! पानं पानं सगळी भिंतीवर. कोणाची कल्पना?”

“आमचीच,” मी म्हणालो.

वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची चौकट छापायचो. खरं काय ते आणि दिलगिरी. काम पाच मिनिटांचं असायचं. इथे मला बावीस दिवस लागले. रोज डिकी उघडत होतो. दिवा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता, त्यावर भाजीच्या पिशव्या ठेवत होतो.

तेविसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, सलमाबादला गेलो. फाटकावरून निरोप पाठवला. काका बाहेर आले. अंगात टी-शर्ट, खाली लुंगी.

“जय भीम,” मी म्हणालो.

“नमस्कार सर,” ते म्हणाले.

त्यांनी आत बोलावलं नाही. “चहा घेणार ना?” म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानातून कागदी कपांत दोन चहा आणले. गाडीच्या बॉनेटवर कप ठेवून आम्ही उभे राहिलो. मी डिकीतून दिवा काढून दिला. त्यांनी टॉवेल उघडून डबा फिरवून पाहिला, एका जागी पोचा आला होता तो अंगठ्याने आतून दाबून सरळ केला.

“मुलगी काय म्हणाली?” मी विचारलं.

“फोटोच्या दुसऱ्या दिवशी मेसेज आला. आईला सांगत नाही, एवढाच.”

“तिच्या आईने नाटक नाही पाहिलं?”

“ती स्वयंपाकघरात होती. पोरगी एकटीच बघत होती मोबाइलवर.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मग मी कॉल लावला तर दिवा नव्हता माझ्याकडं. बायको म्हणली, दिवा कुठंय? मी म्हणलं, बल्ब गेला. तर पोरगीच मागून म्हणती, हो आई, बल्ब गेलाय, पप्पांनी मला सांगितलंय.” त्यांनी कप बॉनेटवर ठेवला. “मी सांगितलंच नव्हतं सर तिला. तीन आठवडे झालं, बायको रोज विचारती आणि पोरगी रोज तेच सांगती. आता तिलाबी खोटं बोलावं लागतंय. माझ्यासाठी.”

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“कसंय सर, तुम्ही नुसतं सांगायचं होतं, लाइव्ह होणारे म्हणून. मी दुसरा दिवा केला असता. गोल भोकं पाडली असती, साधी. अर्ध्या तासाचं काम.”

रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही कप हाताने झाकून धरले.

“पुढच्या वर्षी कुठलं नाटक?” त्यांनी विचारलं.

“अजून ठरलं नाही.”

“अमेरिकेचंच घ्या. लाइटला काम असतं त्यांच्यात.” त्यांनी दोन्ही रिकामे कप एकात एक घातले, दिवा काखेत धरला आणि आत गेले.

त्यानंतर मी त्यांना दोन मेसेज पाठवले. पहिल्यात पुन्हा माफी मागितली. दुसऱ्यात पत्रिकेतली चूक कबूल केली आणि गटाच्या वार्षिक अहवालात प्रकाशयोजनेपुढे त्यांचं पूर्ण नाव येईल असं कळवलं. दोन्ही त्यांनी वाचले. उत्तर आलं नाही. अहवाल निघाला, त्यात नाव आलं. त्याची प्रत मी मार्चमध्ये सलमाबादला घेऊन गेलो.

फाटकावर त्यांच्या खोलीतला एक सहकारी भेटला. काकांना कंपनीने जानेवारीपासून मआमीर भागातल्या एका कामावर लावलं होतं, राहायला मात्र ते इथेच होते, असं त्याने सांगितलं. ते दोन आठवड्यांपूर्वी सुट्टीवर गावी गेले होते. मी त्याला दिव्याबद्दल विचारलं.

“वो चाचा साथ ले गया,” तो म्हणाला. “सामान में नहीं डाला, हाथ की थैली में रखा. बोला, बेटी ने मंगवाया है.”

अहवालाची प्रत मी त्याच्याकडे दिली. ती त्याने काकांच्या पलंगावर ठेवल्याचं संध्याकाळी फोनवर कळवलं.